सखल जागेतली माणसे

दिवाळी अंकाच्या पानांतून महापुराच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे एखाद्या वाचकाला वाटेल. फराळाचे ताट शेजारी असावे, मुले अंगणात फटाके उडवीत असावीत आणि हातातल्या अंकात कोणीतरी दूरदेशीच्या बुडालेल्या माणसांची कहाणी घेऊन बसावे, हे काहीसे अवेळी आहे खरे. परंतु ज्या तीन कथांविषयी आणि एका चित्रपटाविषयी मी येथे लिहिणार आहे त्यांत नुसता आकांत नाही. त्यांत नाचगाणे आहे, भावंडांची भांडणे आहेत, बापाचा संताप आहे, एका मुलाचे आपल्या कुत्रीवरचे वेडे प्रेम आहे. आणि ह्या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने वर्तमानपत्र वाचताना कधी ना कधी विचारलेलाच असतो : पूर येणार हे आधी कळले होते, तर ही माणसे वेळेवर निघून का गेली नाहीत?

प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. त्यात काळजी असते. पण काळजीच्या आड थोडा ठपकाही असतो. शहाणा माणूस निघून जातो, मूर्ख किंवा आळशी माणूस मागे राहतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील पुरांवर आणि वादळांवर जे ललित वाङ्मय निर्माण झाले आहे त्याची प्रत मी ह्याच प्रश्नावर पारखून पाहतो. ह्या प्रश्नाला लेखक काय उत्तर देतो, की उत्तर देण्याचे टाळतो, ह्यावरून त्याची माणसांविषयीची समज कळते असे मला वाटते.

आधी ह्या दक्षिणेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना, जॉर्जिया, फ्लॉरिडा ही नावे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतात. कापूस, ऊस आणि तांदूळ ह्यांचे अफाट मळे, १८६५ सालापर्यंत त्या मळ्यांवर राबणारे कृष्णवर्णीय गुलाम, आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्याच जमिनी बटईने कसणारी त्यांचीच लेकरे, असा ह्या मुलुखाचा इतिहास आहे. मधून मिसिसिपी नदी वाहते आणि खाली मेक्सिकोचे आखात पसरलेले आहे. म्हणजे वरून पूर येतो, खालून समुद्र येतो. अशा मुलुखात चार हात उंच असलेल्या जमिनीला सोन्याचे मोल येते. न्यू ऑर्लिअन्स शहराचेच पाहा. शतकानुशतकांच्या गाळाने नदीकाठची जमीन उंच झाली होती; तिच्यावर सधनांची घरे उठली. मागच्या बाजूला दलदल होती. तेथे गरिबांना, विशेषतः कृष्णवर्णीय गरिबांना जागा मिळाली. पाणी नेहमी सखल जागा शोधीत जाते हे खरे. परंतु त्या सखल जागेत कोणी राहावे हे पाण्याने ठरविलेले नव्हते.

ह्या विषयाला आता ‘पर्यावरणीय न्याय’ असे नाव मिळाले आहे. नाव जड असले तरी गोष्ट सोपी आहे. घाण, विष आणि पाणी ह्यांचा वाटा समाजात सारखा पडत नाही, एवढेच ते नाव सांगते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड ह्यांनी १९७९ साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहराच्या कचऱ्याचा हिशेब मांडला. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे चौथाई. पण नगरपालिकेच्या मालकीच्या पाचपैकी पाचही कचराभूमी आणि कचरा जाळण्याच्या आठपैकी सहा भट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत निघाल्या. पुढे १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातील वॉरन परगण्यात विषारी तेलाने नासलेली माती पुरण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा तेथील माणसे मालमोटारींच्या वाटेवर आडवी झाली आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ह्या चळवळीचा पाया मानले जाणारे बुलार्ड ह्यांचे ‘डम्पिंग इन डिक्सी’ हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यात आकडे आहेत, नकाशे आहेत, मुलाखती आहेत आणि ते सर्व मोलाचे आहे. तरीही त्या सखल वस्तीतल्या घरात सकाळी चहाच्या वेळी काय बोलणे होत असेल, हे आकडे सांगू शकत नाहीत. तेथे कादंबरीकाराचे काम सुरू होते.

आता पहिली कथा. विल्यम फॉक्नर ह्यांची ‘ओल्ड मॅन’ ही दीर्घकथा ‘द वाइल्ड पाम्स’ ह्या १९३९ सालच्या पुस्तकात दुसऱ्या एका कथेशी आळीपाळीने गुंफलेली आहे. ‘ओल्ड मॅन’ म्हणजे मिसिसिपी नदी. पार्श्वभूमी आहे ती १९२७ सालच्या महापुराची. तुरुंगातल्या एका उंच कैद्याला होडी देऊन सांगण्यात येते की, एका झाडावर अडकलेल्या बाईला आणि कापसाच्या कोठाराच्या छपरावर बसलेल्या माणसाला घेऊन ये. लोंढा होडी पळवून नेतो. बाई सापडते, ती गरोदर असते. सापांनी भरलेल्या एका उंचवट्यावर ती बाळंत होते. आठवडेच्या आठवडे पाण्याशी झुंजून कैदी शेवटी होडी आणि बाई सरकारच्या स्वाधीन करतो, आणि बक्षीस म्हणून पळून जाण्याच्या आरोपाखाली आणखी दहा वर्षांची शिक्षा पदरात पाडून घेतो.

पुराचे असे वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. फॉक्नर ह्यांचे लांबलचक, वळसे घेत जाणारे वाक्य येथे खुद्द नदीसारखे वागते. वाचकाला ते काठ दिसू देत नाही. कैद्याचा बावळट प्रामाणिकपणा हसवतो आणि हसता हसता गळा दाटून येतो. परंतु माझा प्रश्न ह्या कथेला विचारला की ती थोडी बाजूला सरकते. फॉक्नर ह्यांच्या लेखी पूर हे दैव आहे. दैवापुढे सगळी माणसे सारखीच उघडी असतात आणि उंच कैदी हा त्या उघडेपणाचा प्रतिनिधी आहे. बांधावर बसलेली कृष्णवर्णीय माणसे कथेच्या कडेकडेने दिसतात आणि होडीबरोबर मागे पडतात.

त्या कडेला काय चालले होते हे जॉन बॅरी ह्यांच्या ‘रायझिंग टाइड’ ह्या १९९७ सालच्या इतिहासग्रंथात वाचावे. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीचे बांध फुटले आणि सुमारे २७,००० चौरस मैल मुलूख पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिल गावाजवळच्या बांधावर सुमारे १३,००० कृष्णवर्णीय माणसे अडकली. त्यांना घेऊन जाण्यासाठी बोटी आल्या होत्या. पण ही माणसे एकदा गेली तर परत येणार नाहीत आणि मग कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांना धास्ती होती. बोटी मूठभर गोऱ्या बायकामुलांना घेऊन जवळजवळ रिकाम्या परत गेल्या. मागे राहिलेल्यांवर बंदूकधारी पहारा बसला. शिधा हवा असेल तर अंगावर बिल्ला लावा आणि बांधावर राबा, असा तेथला नियम झाला. ‘निघून का गेले नाहीत’ ह्याचे उत्तर येथे अगदी उघड आहे : त्यांना जाऊ दिले नाही.

त्याच महिन्यात न्यू ऑर्लिअन्सच्या धनिकांनी आपले शहर वाचावे म्हणून खालच्या अंगाचा कॅरनार्व्हन येथील बांध सुरुंग लावून उडविण्याची परवानगी मिळविली. दोन परगण्यांतील गरीब कोळी आणि शिकारी ह्यांची घरे बुडाली. भरपाईचे वचन दिले होते, त्यातले फारच थोडे पाळले गेले. वरच्या अंगाचे बांध आधीच फुटल्यामुळे त्या सुरुंगाची गरजही नव्हती, हे नंतर कळले. हा इतिहास वाचून पुन्हा ‘ओल्ड मॅन’कडे वळले म्हणजे तिची थोरवी कमी होत नाही; पण त्या पुराला पाण्याखेरीज दुसरेही एक अंग होते आणि ते लेखकाने कवेत घेतले नाही, ही उणीव जाणवत राहते.

फॉक्नर ह्यांच्या दोन वर्षे आधी, १९३७ साली, झोरा नील हर्स्टन ह्या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली होती. जेनी ही तिची नायिका. दोन रुक्ष संसार भोगून झाल्यावर तिला टी केक नावाचा तिच्याहून तरुण, खुशालचेंडू आणि प्रेमळ नवरा मिळतो. दोघे फ्लॉरिडातील ओकीचोबी सरोवराच्या काठी शेंगा तोडण्याच्या हंगामाला जातात. काळी, सुपीक, सरोवराच्या पातळीशी जवळजवळ समपातळीत असलेली ती जमीन; मध्ये फक्त मातीचा एक ठेंगणा बांध.

ह्या भागातली हर्स्टन ह्यांची पाने म्हणजे एक जत्राच आहे. दिवसभर शेंगा तोडायच्या आणि रात्री गिटार, फासे, थापा, नाच. मजुरांच्या बोलीतला विनोद आणि चढाओढ लेखिकेने अशी टिपली आहे की आपणही त्या ओट्यावर जाऊन बसतो. मग एके दिवशी मूळचे रहिवासी असलेले सेमिनोल लोक रांगेने पूर्वेकडे जाताना दिसतात. उंच जागी चाललो, वादळ येत आहे, असे ते सांगून जातात. त्यांच्यामागून ससे जातात, साप जातात. एक मित्र आपल्या मोटारीत जागा देऊ करतो. टी केक नाही म्हणतो.

का? हर्स्टन ह्यांनी दिलेले उत्तर मला फार खरे वाटते. हंगाम तेजीत आहे, रोजचे पैसे चांगले मिळत आहेत. आणि मोठ्या घरातला गोरा मालक अजून हललेला नाही. धोका असता तर तो राहिला असता काय? म्हणजे जाणत्या आदिवासींच्या शब्दापेक्षा मालकाच्या घरातल्या दिव्यावर टी केकचा अधिक विश्वास आहे. अनेक पिढ्यांच्या गुलामीने माणसाच्या मनाला जे वळण लागते ते लेखिकेने एका संवादात दाखविले आहे आणि त्यावर स्वतः एकही व्याख्यान दिलेले नाही. पुढे सरोवर बांध ओलांडून येते. जेनी आणि टी केक जीव घेऊन एका पुलाशी पोहोचतात, तो पुलाची उंच जागा गोऱ्यांनी आधीच व्यापलेली असते. त्यांना पुढेच जावे लागते. वादळ ओसरल्यावर बंदुकीच्या धाकाने टी केकला प्रेते पुरायला लावतात आणि हुकूम होतो की गोऱ्यांची प्रेते वेगळी काढा, त्यांच्यासाठी पेट्या आल्या आहेत. चिखलाने माखलेल्या प्रेतांचा रंग ओळखायचा तरी कसा, असा प्रश्न त्या मजुरांना पडतो.

ही कल्पित गोष्ट नाही. १६ सप्टेंबर १९२८ च्या त्या वादळाने फ्लॉरिडात किमान २,५०० माणसे मारली आणि त्यांतील बहुसंख्य शेतावर राबणारे कृष्णवर्णीय मजूर होते. वेस्ट पाम बीच येथे ६९ गोऱ्यांना रीतसर स्मशानभूमीत जागा मिळाली. सुमारे ६७४ कृष्णवर्णीयांना एका सामाईक खड्ड्यात पुरण्यात आले. त्या खड्ड्याचे स्थान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंदले जाण्यासाठी २००२ साल उजाडावे लागले.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा रिचर्ड राइट ह्यांच्यासारख्या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकानेच तिच्यावर टीका केली की, तिला काही आशय नाही, संदेश नाही. ही टीका मला अन्यायाची वाटते. राइट ह्यांना कदाचित त्या नाचगाण्याच्या पानांत चैन दिसली असेल. परंतु ती पाने नसती तर वादळाने काय नेले हे आपल्याला समजले असते काय? ज्याला आपण केवळ दुःखी म्हणून ओळखतो त्याचे बुडणे आपण चटकन विसरतो. ज्याच्याबरोबर हसलो त्याचे बुडणे विसरता येत नाही. हर्स्टन १९६० साली दारिद्र्यात वारल्या. त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता; तो १९७३ साली अॅलिस वॉकर ह्यांनी बसविला.

मध्ये पाऊणशे वर्षे ओलांडून आता २०१२ सालच्या ‘बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड’ ह्या चित्रपटाकडे येऊ. पुष्कळ घरांतून तो पाहिला गेला असेल. लुइझियानाच्या किनाऱ्यावर, संरक्षक बांधाच्या बाहेर, ‘बाथटब’ नावाची एक वस्ती आहे आणि तेथे हशपपी नावाची सहा वर्षांची मुलगी आजारी, तापट बापाबरोबर राहते. ती भूमिका करणारी चिमुरडी विसरणे अशक्य आहे. चित्रेही मोहक आहेत. बांधापलीकडच्या कोरड्या जगाने आपले पाणी अडवून धरले म्हणून वस्तीतली माणसे एका मोठ्या माशाच्या पोटात स्फोटके भरून तो बांध उडवितात, ह्या प्रसंगात १९२७ च्या सुरुंगाचा जणू उलटा हिशेब चुकता होतो.

परंतु माझा प्रश्न विचारला की हा चित्रपट घसरतो. ही माणसे का जात नाहीत? चित्रपट म्हणतो, कारण ती स्वच्छंद आहेत, रानटी आनंदात मग्न आहेत, बाहेरच्या जगाचे औषधपाणीही त्यांना नको आहे. हे ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. बांध ह्या वस्तीच्या अलीकडूनच का नेला, कोणी नेला, हे विचारण्याची मग गरज उरत नाही. हर्स्टन ह्यांनीही आनंद दाखविला. पण त्या आनंदाशेजारी रोजंदारी होती, मालकाचे घर होते. येथे आनंद आहे आणि हिशेब गायब आहे. गरिबीला काव्य समजणारी ही दृष्टी आपल्याकडच्या ग्रामीण चित्रपटांनाही अपरिचित नाही.

ह्या सर्वांनंतर जेस्मिन वॉर्ड ह्यांची ‘साल्व्हेज द बोन्स’ वाचावी. २०११ साली ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. वॉर्ड मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या डिलील ह्या लहान गावच्या. २९ ऑगस्ट २००५ चे कत्रिना वादळ त्यांनी स्वतः तेथे भोगले आहे. कादंबरी बारा दिवसांची आणि बारा प्रकरणांची आहे. वादळ येते ते थेट अकराव्या दिवशी. तोवर आपण पंधरा वर्षांच्या एश ह्या मुलीच्या तोंडून एका आईविना घराची दिनचर्या ऐकत असतो. रँडल हा थोरला भाऊ बास्केटबॉलच्या जोरावर काही जमेल ह्या आशेवर. स्कीटा हा दुसरा, त्याचा सारा जीव चायना नावाच्या पांढऱ्या कुत्रीत आणि तिच्या पिलांत. ज्युनिअर हा धाकटा; त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली. बाप दारू पितो, पण वादळ येणार हे सर्वांत आधी त्यालाच उमगलेले आहे. एश स्वतः गरोदर आहे आणि ते घरात कोणाला ठाऊक नाही.

हे घर जेथे आहे त्या जागेला म्हणतात ‘पिट’, म्हणजे खड्डा. हे नाव कसे पडले ते वॉर्ड सुरुवातीलाच, जाता जाता सांगून टाकतात. आजोबांनी आपल्या जमिनीतली चिकणमाती गोऱ्या माणसांना विकली होती. ती त्यांना घरांचे पाये भरण्यासाठी हवी होती. खणता खणता टेकडीची कड तुटली, ओढ्याने वाट बदलली, पाणी साचून डबके झाले. सगळी जमीनच आता पाणी गिळून टाकील ह्या भीतीने आजोबांनी मग माती विकणे थांबविले. बुलार्ड ह्यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहून जे सिद्ध केले ते ह्या आठदहा ओळींत आहे. दुसऱ्यांच्या घरांचे पाये उंच झाले ते ह्यांच्या अंगणातल्या मातीने. आणि ती माती दोन पैशांसाठी ह्यांनीच विकली होती. वॉर्ड कोणावर आरोप करीत नाहीत, आजोबांना मूर्खही ठरवीत नाहीत. खड्डा मात्र कादंबरीभर तेथेच असतो. मुले त्यात पोहतात. आणि अकराव्या दिवशी पाणी त्याच बाजूने घराकडे चढत येते.

आता तो प्रश्न. ह्या घरात निघून जाण्याचा विचार फारसा होतच नाही. बाप दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतो, बाटल्यांतून पाणी भरून ठेवतो आणि त्याच तयारीत त्याच्या हाताची बोटे तुटतात. मुले शेवयांची पाकिटे आणि डबे मोजतात. मोजणी पुनःपुन्हा होते, कारण संख्या पुरेशी नाही. मग दूरध्वनी वाजतो आणि एक यंत्रासारखा आवाज सांगतो की घरे सोडणे सक्तीचे आहे. राहाल तर जबाबदारी तुमची. कोठे जावे, कशाने जावे, तेथे गेल्यावर काय खावे, ह्यांबद्दल तो आवाज काही सांगत नाही. सूचना दिली की कर्तव्य संपले! त्या वेळी न्यू ऑर्लिअन्समधील सुमारे चौथाई कुटुंबांकडे मोटार नव्हती, हा आकडा मी अनेक अहवालांत वाचला होता; पण त्या दूरध्वनीच्या प्रसंगाने तो माझ्या अंगावर काटा उभा करून गेला.

पाणी घरात शिरते, माणसे माळ्यावर चढतात, माळाही भरू लागतो. छप्पर फोडून ती पोहत जातात ती आजोबांच्या जुन्या, पडक्या घराकडे. त्याच घराचे सामान मुलांनी गरजेप्रमाणे उचकटून नेलेले असते. पण आजोबांचे घर उंचावर आहे, म्हणून सगळे वाचतात. वाटेत बहीण बुडू लागते आणि स्कीटाला चायना सोडून द्यावी लागते. ज्या वाचकाने अकरा दिवस त्या मुलाला कुत्रीसाठी औषध चोरताना, तिला न्हाऊ घालताना पाहिले आहे त्याला हा प्रसंग सहज वाचून पुढे जाता येणार नाही.

कादंबरीत दोष आहेत. वॉर्ड ह्यांना उपमांचा सोस आहे. एका परिच्छेदात चार चार उपमा येतात आणि कधी कधी वस्तू दिसायच्या ऐवजी उपमाच दिसू लागतात. एश शाळेसाठी ग्रीक पुराणकथा वाचते आणि आपल्या प्रत्येक दुःखात तिला मिडिया दिसते. हा समांतर धागा काही ठिकाणी ओढूनताणून आणलेला वाटतो. वादळ आले की मात्र ही सारी अलंकारांची गर्दी मागे सरते आणि वाक्ये तोकडी, धापा टाकणारी होतात. तेथे लेखिकेची खरी ताकद कळते.

फॉक्नर आणि हर्स्टन ह्यांच्या काळी पाणी निदान निसर्गाचे होते. आता तेवढेही म्हणता येत नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण हवा तापविली, समुद्र तापला, आणि तापलेला समुद्र हे वादळाचे खाद्य आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, म्हणून पाऊसही अधिक कोसळतो. लुइझियानाच्या दक्षिणेस ‘आइल द जाँ शार्ल’ नावाचे आदिवासींचे एक बेट आहे. ‘बाथटब’ची कल्पना बऱ्याच अंशी तेथूनच स्फुरली. १९५५ पासून त्याची सुमारे ९८ टक्के जमीन पाण्यात गेली आहे. नदीला बांध घातल्यामुळे गाळ येणे बंद झाले, तेलासाठी खोदलेल्या कालव्यांनी खारे पाणी आत आणले, आणि आता समुद्रच चढत आहे. २०१६ साली सरकारने त्यांच्या स्थलांतरासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि २०२२ च्या ऑगस्टपासून कुटुंबे आत, उंच जागेवरच्या नव्या घरांत राहू लागली. ह्यांचे पूर्वज १८३० नंतर आदिवासींना हुसकावून लावण्याच्या धोरणातून जीव वाचवून त्या दलदलीत आले होते, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नको होती. ‘का गेले नाहीत’ असे त्यांना कोण विचारणार? ते गेले, दोनदा गेले.

मराठी वाचकाला हे सारे समजावून सांगण्यासाठी फार टिपा द्याव्या लागणार नाहीत. कत्रिनाच्या बरोबर ३४ दिवस आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मिठी नदीकाठच्या झोपड्यांतून पाणी छपरापर्यंत चढले होते. तेव्हाही नदीकाठी झोपड्या बांधाव्यातच कशाला, असे उंच मजल्यांवरून विचारले गेले. आणि आपल्या वाङ्मयात गावकुसाबाहेरची वस्ती काही नवी नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. म्हणजे ही ओळख जुनीच आहे.

म्हणूनच ‘साल्व्हेज द बोन्स’ मराठीत चांगली उतरेल अशी माझी समजूत आहे. भाषांतर करणाऱ्याने त्या मुलांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नये. आणि विनोदी नाटकातली ग्रामीण बोलीही घालू नये. उपमा थोड्या कमी पडल्या तरी चालतील. ‘पिट’ला मात्र ‘दरी’ किंवा ‘तळे’ असे काही सुंदर नाव देऊ नये. ‘खड्डा’ असेच म्हणावे, कारण तो माणसांनी खणलेला आहे. शेवटी वादळाने झोडपलेल्या गावात एश हिंडते आणि पडझडीतून काचेचे, दगडाचे तुकडे उचलून खिशात टाकते. काय घडले ते पुढे सांगता यावे म्हणून. पोटात मूल आहे, भाऊ अजून परत येईल म्हणून कुत्रीची वाट पाहत बसला आहे आणि जेवायला घरात फारसे काही नाही. तशा अवस्थेत ती मुलगी तुकडे जपून ठेवते. फराळ झाल्यावर, घर शांत झाल्यावर, कोणी ही कादंबरी हाती घेतली तर त्या पानापर्यंत अवश्य जावे.